भातखाऊ कोकणात गव्हाचा आजार? (सिलियाक : अनुभव आणि शंका)

कुडाळची_माहेरवाशीण

धागा काढू की नको असं दोन आठवडे चाललं होतं, शेवटी काढतेच. लांबलचक आहे, वेळ असेल तरच वाचा.

माझी भाची, बहिणीची मुलगी, वय १६. गाव कुडाळ तालुक्यात. दहावी झाल्यावर अकरावीसाठी माझ्याकडे डोंबिवलीला आणली. पोर पहिल्यापासून बारीक, उंची बाराच्या मुलीएवढी, पाळी अजून आलेली नाही, हिमोग्लोबिन कधी ८ च्या वर गेलं नाही. गावात रक्तवाढीच्या गोळ्या तीन वर्षं चालू होत्या, जंताच्या गोळ्या पण झाल्या. सगळे म्हणायचे अंगानेच तशी आहे, आईवर गेलीये.

माझ्याकडे जूनमध्ये आली आणि ऑगस्टपर्यंत पार उतरली. पोट फुगायचं, जुलाब, तोंड आलेलं, वजन ४ किलोने कमी. मला वाटलं हॉस्टेल नाही काही नाही, मावशीच्या घरी आहे तरी हिला इथलं मानवत का नाही. गणपतीला गावी गेली, पंधरा-वीस दिवस राहिली आणि टुणटुणीत होऊन आली. परत इथे, परत महिन्याभरात तेच. दिवाळीत गावी, परत बरी. आई (म्हणजे तिची आजी) फोनवर ठासून सांगायची, "मुंबयचा पाणी लागला गो तेका, हयसर धाड." आणि आम्ही खरंच पाणी उकळून गाळून द्यायला लागलो, फिल्टर बदलला, बिसलेरीचे कॅन आणले!!

पाणी नव्हतंच ते. इथे डब्याला रोज पोळीभाजी, संध्याकाळी पाव नाहीतर टोस्ट, रात्री परत पोळी. गावी सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. जानेवारीत एका डॉक्टरीण बाईंनी रक्ताची टीटीजी नावाची टेस्ट करायला लावली, ती मर्यादेच्या दहापट वर आली, मग एंडोस्कोपी करून आतड्याचे तुकडे तपासले. सिलियाक, म्हणजे गहू खाल्ला की आतडं बिघडणारा आजार.

आता माझे प्रश्न. १) भात खाणाऱ्या घरात हे आलंच कुठून? २) बहीण म्हणते धाकट्याला पण लागेल का, ताटं वेगळी करू का. ३) गावी परत गेल्यावर तिचं जेवण कसं सांभाळायचं, कारण तिथे सगळ्यांना वाटतंय की "भातच तर खातो आपण, त्यात काय सांभाळायचं".

हर्णैचा_नाखवा

रुमाल टाकून ठेवतो. मुंबईचं पाणी लागणं आमच्याकडे पण प्रत्येक घरात एकाला असतंच, आता संशय यायला लागला.

खाडीकाठचा_डॉक्टर

ताई, तुमच्या भाचीने नकळत जे केलं ना, तोच प्रयोग या आजाराच्या इतिहासात आहे, म्हणून आधी तो सांगतो आणि मग प्रश्नांकडे येतो.

हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. पोट फुगलेली, काड्यांसारखे हातपाय झालेली अशी मुलं त्यांच्याकडे असायची. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे मोठा दुष्काळ पडला, युद्ध चालू, पाव मिळेना. निरोगी माणसं वाळत होती आणि ही मुलं मात्र त्या दिवसांत बरी राहिली, मग पाव परत आला तशी परत आजारी पडली. डिकेंना गव्हाचा संशय आधीपासून होता, तो पक्का झाला, पुढे १९५० मध्ये त्यांनी त्यावरच प्रबंध लिहिला. तुमच्याकडे दुष्काळाऐवजी गणपतीची सुट्टी झाली इतकाच फरक.

दुसरा प्रश्न आधी, कारण तो घाईचा आहे. ताटं अजिबात वेगळी करू नका. म्हणजे करायची तर उलट्या कारणासाठी करा. हा संसर्ग नाही. धाकट्याला हिच्या ताटातून काही होणार नाही, धाकट्याच्या ताटातला पोळीचा कण मात्र हिला त्रास देऊ शकतो. आजार "पसरतो" तो रक्तातून, म्हणजे आनुवंशिकतेतून. एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं असलेल्यालाच होतो, पण ती असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. आईबाप, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहा ते वीस जणांत एकाला सापडतो. म्हणून धाकट्याची, बहिणीची आणि मेव्हण्यांची टीटीजी करून घ्या, त्रास नसला तरी.

आणि महत्त्वाचं. टेस्ट होईपर्यंत त्यांनी गहू बंद करायचा नाही. घरात एकाला निघाला की सगळे उत्साहाने पोळी सोडतात आणि मग टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. आधीच सोडला असेल तर निदान ६ आठवडे रोज गहू पोटात जाऊ द्या, मग रक्त द्या. सोबत एकूण आयजीए (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) पण करा, काहींच्या अंगात तेच कमी असतं आणि मग टीटीजी फसवी येते.

चाकरमानी_परळ

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हे सगळं फॅड आहे. आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं. आता जो तो ग्लूटेन ग्लूटेन करतोय, मॉलमध्ये तीनशे रुपये किलोचं पीठ विकायचे धंदे.

जुनी_वही

नव्हतं कसं, नाव वेगळं होतं. संग्रहणी म्हणायचे. पोर किरकिरं, पोट ढमाल्या, दृष्ट लागली, कुणाचं तरी बघणं वाईट. माझ्या आत्याची एक मुलगी अशीच गेली, ६२-६३ साली. ती सिलियाकच होती असं मी म्हणत नाही, तेव्हा कोण तपासणार, पण "नव्हतं" असं म्हणताना जरा दमाने. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्येच या आजाराचं वर्णन लिहून ठेवलंय आणि खाण्यातूनच उपाय सापडेल असंही लिहिलंय, फक्त खाण्यातलं नेमकं काय ते त्यांना कळलं नव्हतं.

खाडीकाठचा_डॉक्टर

परळकर, फॅड आहे तेही खरं आणि आजार आहे तेही खरं. दोन्ही एकाच वेळी. ज्याला काही नाही तो वजन उतरवायला गहू सोडतो आणि ज्याचं आतडं सोललं गेलंय त्याला घरचे सांगतात नखरे करू नकोस.

आत काय होतं ते सांगतो. लहान आतड्याला आतून बारीक लव असते, काथ्याच्या पायपुसण्यासारखी समजा. अन्नातलं सत्त्व त्या लवेतून शोषलं जातं. या माणसांत गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची स्वतःचीच फौज त्या लवेवर धावून जाते, आणि जुनं पायपुसणं कसं झिजून सपाट होतं तसं आतडं होतं. सपाट आतड्यातून लोह शिरत नाही, कॅल्शियम शिरत नाही. मग तुम्ही लोहाच्या गोळ्या तीन वर्षं द्या की तेरा.

आणि जुलाब असायलाच हवेत असं नाही बरं का. मोठ्यांत तर कित्येकदा पोटाची तक्रारच नसते. नुसतं न भरून येणारं रक्त, हाडं ठिसूळ, पाळी उशिरा, वारंवार गर्भपात, तोंडातले फोड, कोपर-गुडघ्यावर खाजणारं पुरळ, लिव्हरची टेस्ट कारण नसताना वाढलेली. टाईप १ डायबेटिस किंवा थायरॉईडचा ऑटोइम्यून (शरीर स्वतःवरच उलटण्याचा) आजार असलेल्यांत हा जास्त सापडतो.

लांज्याची_सून

वाचतेय. घाबरायला झालं. माझं हिमोग्लोबिन ९ आहे आणि गोळ्या चालू आहेत. म्हणजे मला पण???

खाडीकाठचा_डॉक्टर

नाही हो, लगेच तिथे उडी नको. कोकणात रक्त कमी असलं तर पहिला संशय अंकुशकृमीवर म्हणजे जंतावर, ओल्या वाडीत अनवाणी फिरण्यातून तो शिरतो. मग पाळीत जास्त रक्त जाणं. मग थॅलेसेमियाची छुपी जनुकं, त्यातही रक्तपेशी बारीक दिसतात आणि लोह देऊन फरक पडत नाही. हे सगळं बघून झालं, गोळ्या खरोखर पोटात गेल्या (डब्यात नाही :) ) आणि तरी तीन-चार महिन्यांत आकडा हलला नाही, तर टीटीजी करायला सांगा. तुम्ही स्वतःहून विचारलंत तरी चालेल.

आमच्या पिढीला शिकवताना हा उत्तर भारतातल्या लहान पोरांचा आजार म्हणून एक ओळीत संपवला होता. इकडे सपाट आतडं दिसलं की ट्रॉपिकल स्प्रू (उष्ण प्रदेशातला, अन्न नीट न शोषलं जाण्याचा आजार) नाहीतर आतड्याचा टीबी डोक्यात यायचा, आणि तेही इथे असतातच, त्यामुळे चूक म्हणता येत नाही. स्प्रू अँटिबायोटिक आणि फॉलिक ॲसिडने बरा होतो, सिलियाक होत नाही.

आकडेमोड_अलिबाग

पहिल्या प्रश्नावर कोणी बोललंच नाही, भात खाणाऱ्यांत आला कुठून. माझं क्षेत्र हे नाही पण आकडे चघळायची खोड आहे.

दिल्ली परिसरात एम्सच्या डॉक्टरांनी केलेली पाहणी २०११ ला छापून आली, १.०४ टक्के लोकांत आजार, म्हणजे साधारण ९६ जणांत एक. मग २०१६ ला मोठी पाहणी आली, उत्तर, ईशान्य (आसाम) आणि दक्षिण मिळून २३,३३१ प्रौढ माणसं. हजारी प्रमाण असं : उत्तरेत ८.५३, ईशान्येत ४.६६, दक्षिणेत ०.११. दक्षिणेत दहा हजारात एखादा!

आता मजा बघा, जनुकं तिन्हीकडे जवळपास सारखीच. उत्तर ३८.१ टक्के, ईशान्य ३१.४, दक्षिण ३६.४. म्हणजे दारू तिन्हीकडे ठासलेली आहे, ठिणगी फक्त उत्तरेत पडते. ठिणगी कुठली? माणशी रोजचा गहू उत्तरेत ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. आपण कोकणातले खाण्याच्या बाबतीत या दक्षिणेच्या जवळचे. आमच्या आजीच्या वेळी गहू घाटावरून यायचा, पोळी म्हणजे सणाची नाहीतर जावई आला तर. आज रेशनवर तांदळाबरोबर गहू, चहाबरोबर बिस्किट, बेकरीचे बटर, मुलांना मॅगी, आणि मुंबईला गेलं की पोळी-पावाशिवाय पर्याय नाही. कोकणी माणूस बदलला नाही, ताट बदललं. म्हणून माझ्या मते आपल्याकडे तो येतोय, आणि चाकरमान्यांत आधी दिसणार.

पेज_आणि_लोणचं

@आकडेमोड, सगळं पटलं असतं पण तुम्ही आसामचा गहू किती ते लिहिलं नाहीत. मुद्दाम?

आकडेमोड_अलिबाग

पकडलंत. ३७ ग्रॅम.

पेज_आणि_लोणचं

हां मग! २५ ग्रॅमला हजारी ०.११ आणि ३७ ग्रॅमला ४.६६? बारा ग्रॅम जास्त गव्हाने आजार चाळीसपट होत असेल तर माझी पेज सोडते मी. गहू लागतो हे खरं, गव्हाशिवाय हा आजार नाहीच, पण नुसता गहू मोजून कुठे किती आजारी ते सांगता येत नाही.

आणखी एक उदाहरण देते. फिनलंड आणि त्याला चिकटून रशियातलं कारेलिया. जनुकं सारखी, गहू दोन्हीकडे भरपूर. शाळेतली मुलं तपासली तर फिनलंडला १०७ मुलांत एक, कारेलियात ४९६ मुलांत एक. तिसरी कुठली तरी गोष्ट आहे, लहानपणी होणारे जंतुसंसर्ग म्हणा, पोटातले जीवाणू म्हणा. स्वीडनमध्ये तर १९८४ पासून दहा-बारा वर्षं दोन वर्षांखालच्या मुलांत हा आजार चौपट झाला आणि मग परत खाली आला, इतक्यात काही जनुकं बदलत नाहीत.

आकडेमोड_अलिबाग

मान्य. "ताट बदललं" हे अर्धंच उत्तर, तिसरा धागा सुटला माझ्याकडून. पण चाकरमान्यांचा मुद्दा मी सोडत नाही, धागाकर्तीची भाचीच पुरावा आहे.

पेज_आणि_लोणचं

भाची उलट पुरावा आहे हो. ती गावीच आजारी होती की! उंची खुंटली गावी, रक्त कमी गावी. फक्त गहू थोडा म्हणून आजार कुजबुजत होता, डोंबिवलीला तो बोंबलायला लागला. मला वाटतं आपल्याकडची खरी अडचण हीच आहे, भातामुळे आजार टळत नाही, लपतो. पंजाबातलं पोर लवकर डॉक्टरांसमोर येतं, आपलं पोर "अंगानेच बारीक" म्हणून सोळा वर्षं काढतं.

कुडाळची_माहेरवाशीण

पेज ताई, हे वाचून रडू आलं खरंच. सोळा वर्षं. रेशनचा गहू पहिल्यापासून घरात होता, सकाळी चहाबरोबर बटर आणि खारी पण. आम्ही त्याला खाणं धरतच नव्हतो. जेवण म्हणजे भात.

निसर्गोपचार_देवगड

एवढं घाबरायची गरज नाही. दोष हायब्रीड गव्हाचा आहे, हरितक्रांतीनंतर आलेल्या. खपली गहू किंवा जुना देशी गहू खा, घरच्या तुपात, काही होत नाही. माझ्या पाहण्यातले अनेक जण बरे झाले.

खाडीकाठचा_डॉक्टर

हा प्रतिसाद कृपया कोणी अमलात आणू नका. खपलीत ग्लूटेन आहे. बन्सीत आहे, लोकवनमध्ये आहे. आंबवून केलेल्या पावात आहे. तुपाने ते नाहीसं होत नाही. जव आणि राय यांतही आहे. तुमच्या पाहण्यातले जे बरे झाले त्यांना सिलियाक असेल असं वाटत नाही, काहींना गव्हातल्या साखरेसारख्या घटकांनी नुसते गॅस होतात, त्यांना गहू बदलून बरं वाटूही शकतं. ती वेगळी माणसं.

नव्या गव्हात ग्लूटेन वाढलंय हेही दरवेळी ऐकतो. अमेरिकेत डोनाल्ड कसार्डा यांनी विसाव्या शतकातल्या गव्हाच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये लिहिलंय की वाढ झाल्याचा स्पष्ट पुरावा मिळत नाही.

चाकरमानी_परळ

डॉक्टर, मग थोडंसं चालत असेल ना? सणावारी एखादी पुरणपोळी. एवढं काय बिघडतंय.

खाडीकाठचा_डॉक्टर

बिघडतं. रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं तर आतड्याची लव झिजते असं इटलीतल्या एका अभ्यासात दिसलं. घरच्या एका पोळीत अडीच-तीन ग्रॅम तरी असतं, म्हणजे पोळीचा पन्नासावा-साठावा तुकडा. चिमणीला पण पुरणार नाही तो. म्हणूनच आपल्या अन्नसुरक्षा खात्याचा नियम असा की पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोत २० मिलिग्रॅमच्या वर नको.

आणि त्रास जाणवला नाही म्हणजे नुकसान झालं नाही, असं होत नाही यात.

वेंगुर्ल्याची_अन्नपूर्णा

आता माझी पाळी! तिसरा प्रश्न माझा. मुलगा सिलियाक आहे, नऊ वर्षं झाली, आणि गावी राहते मी. तुमच्या घरचे म्हणतात "भातच तर खातो"... तर ऐका, भातखाऊ घरात गहू कुठून कुठून आत शिरतो ते.

सगळ्यात मोठा चोर गिरण. हो, पीठाची गिरण. तांदूळ आपला, नाचणी आपली, पण आधीच्या माणसाने गहू दळलेला असतो आणि दगडात ते पीठ असतंच. आम्ही पहिलं वर्षभर तांदळाची भाकरी खाऊ घालत होतो आणि टीटीजी खाली येईना. डॉक्टर म्हणायचे मुलगा चोरून खातोय. पोराला मी फटके दिले हो, बिस्किट खाल्लंस का म्हणून. आणि चूक गिरणीची होती, पोराची नाही. अजून ते आठवलं की जेवण जात नाही.

मग घरघंटी घेतली. ज्यांना परवडत नाही त्यांनी गिरणवाल्याशी बोलून एक वार ठरवायचा, आदल्या रात्री गिरण झाडून पुसून, सकाळी पहिला नंबर आपला, त्यातही पहिले दोन किलो तांदूळ दळून ते पीठ गुरांना. तरी शंभर टक्के नाहीच.

दुसरा चोर हिंग. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा. म्हणजे कुळथाच्या पिठीपासून सोलकढीच्या फोडणीपर्यंत सगळ्यात गेलंच ते! तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, नाहीतर सरळ लसूण घाला.

मेतकूटात गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीत घालतात. वड्याच्या पिठात तांदूळ, चणाडाळ, उडीद, धणे, मेथी, इथवर ठीक, पण काही घरांत वडे मऊ व्हायला मूठभर गहू टाकतात, तेव्हा लग्नातल्या कोंबडीवड्यांना विचारल्याशिवाय हात नाही. मासे! रवा लावून तळलेली सुरमई म्हणजे गहूच झाला. घरी तांदळाचं पीठ लावा, कुरकुरीत जास्त होतात खरं तर. पण खानावळीत तुम्ही सांगितलंत रवा नको तरी तवा तोच, तेल तेच. अंगणवाडीचं पाकीट, माल्टवाली दुधातली पावडर (माल्ट म्हणजे जव), सोया सॉस. ओट्स घेतलेत तर ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

चालतं काय? उकडीचे मोदक, घावणे, आंबोळ्या, शिरवळे, पातोळे, सांदण (तांदळाच्या कण्यांचं), नाचणीची भाकरी-सत्त्व, पोहे, साबुदाणा, खटखटे लाडू. आपल्याकडे पोर सिलियाक असणं म्हणजे पंजाबी आईपेक्षा दहा पटीने सोपं हो, आपलं अर्धं स्वयंपाकघर आधीच तयार आहे. आणि आंबापोळी, फणसपोळी पण चालते, नावात पोळी आहे म्हणून माझ्या सासूने दोन वर्षं कपाटात लपवून ठेवली होती!

हर्णैचा_नाखवा

:D सासूबाईंना नमस्कार. बोटीवर आम्ही आठ-आठ दिवस भात आणि मासेच खातो, म्हणजे आम्ही वाचलो म्हणायचं.

वसईचा_शेतकरी

अन्नपूर्णाताई, प्रतिसाद छापून फ्रिजला लावतोय. आमच्याकडे चर्चमध्ये पवित्र भाकर घेताना प्रश्न येतो, ती गव्हाचीच असते. माझ्या मुलीसाठी फादरांना विचारलं तर कळलं की अगदी कमी ग्लूटेनवाली भाकर चालते, पूर्ण ग्लूटेन काढलेली चालत नाही, २०१७ ला व्हॅटिकनने तसं पत्र परत एकदा काढलं होतं. काही जण फक्त द्राक्षरसच घेतात. आम्ही तोच मार्ग धरला, पण वेगळा प्याला, कारण बाकीच्या प्याल्यात भाकरीचा तुकडा टाकलेला असतो.

वेंगुर्ल्याची_अन्नपूर्णा

आमच्याकडे सत्यनारायणाचा शिरा. रव्याचा. प्रसाद नाकारला म्हणून भटजी नाही, शेजारीण रुसली. आता मीच घरून तांदळाच्या रव्याचा शिरा करून नेते आणि नैवेद्यात तोही ठेवायला सांगते. देवाला चालतो.

दापोलीची_नूर

आमच्यात तांदळाच्याच भाकऱ्या असतात त्यामुळे घरी त्रास नाही, त्रास इफ्तारीत, समोसे आणि भजी एकाच कढईत. मी भजी पहिल्या घाण्यात तळून घेते नणदेसाठी, मग समोसे. नणद आधी लग्नाच्या वेळी लपवत होती, मुलीला आजार आहे म्हटलं की मुलाकडचे मागे सरतात. हे पण लिहायला हवं कोणीतरी. औषध नाही, ऑपरेशन नाही, फक्त गहू नाही, एवढ्यासाठी दोन स्थळं मोडली.

लांज्याची_सून

नूर, +१००. आणि मी टेस्ट केली, निगेटिव्ह. जंतच निघाले :) चपला घालून वाडीत जायला लागलेय.

कुडाळची_माहेरवाशीण

पाच महिन्यांनी धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

भाचीचं वजन ५ किलोने वाढलं, हिमोग्लोबिन ११.२, आणि मागच्या महिन्यात पाळी आली. बहिणीने फोनवर सांगितलं तेव्हा दोघी किती वेळ बोललोच नाही. उंची किती भरून निघेल ते डॉक्टर बघतायत, थोडी वाढली आहे.

धाकट्याची टीटीजी निगेटिव्ह, मेव्हण्यांची निगेटिव्ह. बहिणीची पॉझिटिव्ह. एंडोस्कोपीतही तेच. तिला कधीच जुलाब नाहीत, पोट दुखत नाही, काही नाही. फक्त लग्नापासून अंगात रक्त नाही म्हणायचे आणि या मुलीच्या आधी दोन वेळा पोट पडलं होतं. सासरी काय काय ऐकून घेतलं तिने त्यावेळी. "आईवर गेलीये" असं आम्ही म्हणायचो ना भाचीला, अगदी शब्दशः तसंच निघालं.

पेज_आणि_लोणचं

काय बोलू. बहिणीला माझा नमस्कार सांगा.

खाडीकाठचा_डॉक्टर

बहिणीची हाडांची घनता, ड जीवनसत्त्व आणि थायरॉईड एकदा बघून घ्या. धाकट्याची टेस्ट आत्ता निगेटिव्ह आली म्हणजे कायमची नाही, दोन-तीन वर्षांनी परत करा, मधे काही लक्षण दिसलं तर आधीच. आणि तुमची स्वतःची? तुम्ही सख्खी बहीण आहात त्यांची.

कुडाळची_माहेरवाशीण

सोमवारी रक्त देऊन आले, रिपोर्ट यायचाय. आईला पण सांगितलं तर ती म्हणाली, "माका काय्येक होवचा नाय, माझा आयुष्य भातावर गेला." टेस्ट करणार नाही ती, वय ७८, आग्रह सोडला. पण गिरणीचं ऐकल्यावर एक शब्द न बोलता तिने माळ्यावरचं जातं खाली काढायला लावलंय. गिरणीत पाऊल टाकायचं नाही म्हणते लेकीनातीच्या पीठासाठी.

जातं गुळगुळीत झालंय पार, पीठ जाडंभरडं पडतं. कुडाळ-सावंतवाडी बाजूला टाकी लावून (दगडाला परत खाचा पाडून) देणारं कोणी अजून आहे का? असेल तर नंबर इथे नको, मला व्यनि (खाजगी निरोप) करा.

वेंगुर्ल्याची_अन्नपूर्णा

आहेत, बाजाराच्या दिवशी येतात. व्यनि केलाय. टाकी लावल्यावर पहिल्यांदा नुसते तांदूळ दळून ते पीठ फेकून द्या, दगडाची कच येते.